अखेरची नोंद : सामूहिक दुर्घटनेतील मृतांची ओळख आणि रुग्णालयाचे कर्तव्य

रुग्णसेवेचे आकडे, नव्या विभागांची माहिती आणि हिशेबपत्रके यांच्या जोडीला वार्षिक अहवालात एखाद्या वैद्यकीय विषयाचा परिचय करून देण्याचा प्रघात आहे. बहुधा हे विषय मधुमेह, हृदयविकार, नेत्रदान असे जगण्याशी निगडित असतात. प्रस्तुत लेखाचा विषय मृत्यूशी निगडित आहे. भूकंप, दरड, रेल्वे अपघात, विमान अपघात अशा दुर्घटनांत एकाच वेळी अनेक माणसे मृत्युमुखी पडतात, तेव्हा त्यांतील प्रत्येकाची ओळख कशी पटविली जाते, त्यात चुका कोठे होतात आणि त्या कशा टाळता येतील, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

हा विषय पोलीस आणि न्यायवैद्यक तज्ज्ञांचा आहे, आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयाचा त्याच्याशी काय संबंध, असा प्रश्न सभासदांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आरंभीच सांगितलेले बरे. मृताची ओळख प्रयोगशाळेत पटते हे खरे. परंतु ती ज्याच्याशी ताडून पटवावयाची, ती माहिती त्या व्यक्तीच्या हयातीतच कोणीतरी लिहून ठेवलेली असावी लागते. ती लिहिणारा बहुतेक वेळा एखाद्या सामान्य रुग्णालयातील डॉक्टर, दंतवैद्य किंवा परिचारिका असते.

ओळख न पटल्यास काय होते?

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून झोपी गेलेली गावे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे दगावली. कित्येक गावांत सामुदायिक चिता पेटल्या. त्या परिस्थितीत दुसरे काही करता येण्याजोगे नव्हते आणि गाव एकमेकांना ओळखणारे असल्यामुळे शेजाऱ्यांनी शेजाऱ्याला ओळखले. परंतु जेथे असे ओळखणारे शेजारीही उरत नाहीत, किंवा मृत माणसे दूरदूरच्या गावांहून आलेली असतात, तेथे काय होते?

ओळख न पटलेला मृत्यू कायद्याच्या दृष्टीने अर्धवट राहतो. मृत्यूचा दाखला मिळत नाही. दाखला नसल्यामुळे विम्याची रक्कम, निवृत्तिवेतन, बँकेतील ठेव, सातबाऱ्यावरील वारसनोंद, सारेच अडून राहते. सात वर्षे ज्या व्यक्तीची काहीही वार्ता नाही, ती मृत झाली असे गृहीत धरण्याची तरतूद आपल्या पुरावाविषयक कायद्यात आहे. मोठ्या आपत्तीनंतर शासन स्वतंत्र चौकशी करून ही मुदत शिथिल करू शकते. २०१३ च्या उत्तराखंडातील जलप्रलयानंतर तसे करण्यात आले. परंतु कागदाने मिळालेला निर्वाळा आणि मनाला मिळालेला निर्वाळा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. चार दिवसांनी शोधकार्य थांबविण्यात आले, तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. ज्या घरात देह आला नाही, त्या घरात दहाव्याचे विधी करावेत की वाट पाहावी, हा प्रश्न कोणत्याही शासकीय निर्णयाने पूर्णपणे सुटत नाही.

चेहऱ्यावरून पटलेली ओळख का फसते?

आपल्याकडे अजूनही प्रचलित पद्धत अशी की, मृतदेह ओळीने ठेवावेत, नातेवाइकांनी पाहत जावे, ज्याने ओळखला त्याची सही घेऊन देह त्याच्या ताब्यात द्यावा. एखाद्या अपघातात दोघे-तिघे दगावले असतील तर ही पद्धत बहुधा निभावून जाते. मृतांची संख्या शंभरावर गेली की तीच पद्धत धोक्याची ठरते.

याला शारीरिक कारणे आहेत. मृत्यूनंतर चेहऱ्याच्या स्नायूंतील ताण जातो आणि ज्या हावभावांमुळे आपण माणूस ओळखतो ते नाहीसे होतात. उष्ण व दमट हवेत दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून चेहरा सुजतो, ओठ व जीभ फुगते, त्वचेचा रंग पालटतो. काही दिवसांत गोरा-सावळा, तरुण-प्रौढ हा भेदही सांगता येत नाही. आगीत सापडलेल्या देहाविषयी तर बोलावयासच नको. मानसिक कारणेही तितकीच प्रबळ आहेत. रात्रभर प्रवास करून आलेला बाप शवागारातील पन्नासावा चेहरा पाहताना शास्त्रीय निरीक्षण करीत नसतो. कोणी ओळखीचा देह समोर असूनही ‘हा आमचा नव्हे’ म्हणतो. कोणी शोध संपावा या आर्त इच्छेने परका देह आपला म्हणून स्वीकारतो. यात कोणाची लबाडी नसते.

कपडे, अंगठी, घड्याळ, खिशातील भ्रमणध्वनी यांचाही पूर्ण भरवसा धरता येत नाही. एकाच शाळेतील मुलांचा गणवेश सारखा असतो, एकाचा फोन दुसऱ्याच्या हाती असतो, बचावकार्यात वस्तू एका देहावरून दुसऱ्याजवळ जातात. म्हणून या खुणांना पूरक पुरावा मानतात, निर्णायक मानीत नाहीत.

या चुकीची किंमत किती, हे मंगळूरच्या विमान अपघाताने दाखवून दिले. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले विमान धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले. १६६ पैकी १५८ जणांचा अंत झाला. बहुतेक देह नातेवाइकांनी पाहून ओळखले आणि ते त्यांच्या ताब्यात देण्यात आले. ओळख न पटलेल्या २२ देहांचे नमुने डीएनए तपासणीसाठी हैदराबादच्या केंद्रीय प्रयोगशाळेकडे गेले. त्यांपैकी १० देह जुळले. राहिलेल्या १२ देहांचे डीएनए वाट पाहत असलेल्या कोणत्याही कुटुंबाशी जुळले नाहीत. विमानातील प्रवाशांची यादी तर निश्चित होती. मग हे १२ जण कोणाचे? याचा अर्थ इतकाच निघतो की, आधी दिलेल्या देहांपैकी काही चुकीच्या घरी गेले. तोवर त्यांचे अंत्यसंस्कार होऊन गेले होते. राहिलेल्या १२ देहांचे शेवटी मंगळूर येथेच दफन करण्यात आले.

एक देह चुकीच्या घरी गेला की दोन कुटुंबांवर अन्याय होतो. एक कुटुंब परक्याचे अंत्यविधी आपल्या माणसाचे म्हणून करते. दुसऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. दफन केलेला देह न्यायालयाच्या आदेशाने पुन्हा बाहेर काढून तपासता येतो. दहन झालेल्या देहाच्या बाबतीत तोही मार्ग उरत नाही. ज्या समाजात दहनाची रूढी आहे, तेथे ओळखीची खात्री अधिक कसोशीने करावयास हवी, ती यासाठी.

तीन निर्णायक आधार

आंतरराष्ट्रीय पोलीस संघटना इंटरपोल हिने १९८४ साली सामूहिक आपत्तीतील मृतांच्या ओळखीविषयी मार्गदर्शिका प्रथम प्रसिद्ध केली आणि पुढे तिच्या सुधारित आवृत्त्या काढल्या. तिच्यानुसार निर्णायक आधार तीन आहेत : बोटांचे ठसे, दात आणि डीएनए. यांपैकी एखादा निःसंशय जुळला तर ओळख सिद्ध होते.

बोटांचे ठसे ही सर्वांत स्वस्त व जलद पद्धत होय. पाण्यात दीर्घकाळ राहिलेल्या हाताची वरची त्वचा सुटून आली, तरी कुशल तज्ज्ञ त्याखालील थरावरून ठसा घेऊ शकतो. अडचण असते ती ताडून पाहण्याची. त्या व्यक्तीचा ठसा आधी कोठेतरी नोंदलेला असावा लागतो.

दात हा मानवी शरीराचा सर्वांत टिकाऊ भाग आहे. आगीत, पाण्यात, मातीत शरीराचे इतर अवयव नष्ट झाले तरी दात बहुधा टिकतात. कोणता दात काढला, कोणत्या दाढेत चांदी किंवा सिमेंट भरले, कोठे टोपी बसविली, मुळाचा उपचार कोठे झाला, या साऱ्यांचा एकत्रित नकाशा प्रत्येक माणसाचा निराळा असतो. या पद्धतीला मोठी चालना मिळाली ती एका धर्मादाय कार्यक्रमात घडलेल्या दुर्घटनेतून. ४ मे १८९७ रोजी पॅरिस येथे गोरगरिबांच्या मदतीसाठी भरविलेल्या बाजाराला आग लागून सव्वाशेच्या आसपास माणसे, त्यांत बहुसंख्य स्त्रिया, मृत्यू पावली. दागिने व वस्त्रांवरून अनेकींची ओळख पटली; ज्यांची पटली नाही, त्यांच्यासाठी त्यांच्या दंतवैद्यांना पाचारण करण्यात आले आणि त्यांनी आपल्या नोंदींवरून ओळख पटविली. पॅरिसमधील दंतवैद्य ऑस्कर आमोएदो यांनी पुढील वर्षी, १८९८ मध्ये, न्यायवैद्यकातील दंतशास्त्रावर ग्रंथ लिहिला. या शाखेचा तो आद्य ग्रंथ मानला जातो.

डीएनए चाचणी ही तुलनेने नवी. १९८४ मध्ये इंग्लंडमध्ये ॲलेक जेफ्रीज यांनी तिचा शोध लावला; भारतात ती रुजविण्याचे श्रेय डॉ. लालजी सिंह यांच्याकडे जाते. आज प्रचलित असलेल्या पद्धतीत डीएनएच्या लांब साखळीतील निवडक जागा तपासतात. या जागी काही अक्षरांचा छोटा गट पुनःपुन्हा येतो आणि तो किती वेळा यावा, हे व्यक्तीव्यक्तीत बदलते. प्रत्येक जागेवरील दोन संख्यांपैकी एक आईकडून व एक वडिलांकडून आलेली असते. म्हणून मृताच्या नमुन्याची तुलना आई-वडील किंवा मुले यांच्याशी केली असता निष्कर्ष सर्वांत खात्रीचा मिळतो. एकट्या भावाच्या किंवा बहिणीच्या नमुन्यावरून तो तितका ठाम निघत नाही. शक्य तर एकाहून अधिक जवळचे नातेवाईक असावेत. पत्नीचा नमुना एकटा उपयोगी पडत नाही, कारण तिचे पतीशी रक्ताचे नाते नसते. मात्र मुलांच्या नमुन्याबरोबर तो घेतल्यास मुलांना वडिलांकडून काय मिळाले हे वेगळे काढता येते. ताज्या देहातून रक्त किंवा स्नायू पुरतो. कुजलेल्या देहासाठी मांडीच्या हाडाचा मधला भाग किंवा शाबूत दाढ घ्यावी लागते.

डीएनएचे सामर्थ्य मोठे, तसा त्याला वेळही लागतो आणि खर्चही. सर्व देहांसाठी डीएनएचीच वाट पाहिली तर प्रयोगशाळेवर भार पडतो व कुटुंबे ताटकळतात. यासाठी जेथे ठसे किंवा दात पुरेसे आहेत तेथे त्यांवर काम भागवावे आणि डीएनए उरलेल्यांसाठी राखावा, हा व्यवहार्य मार्ग ठरतो.

कामाचे चार टप्पे

इंटरपोलच्या पद्धतीत कामाचे चार टप्पे पाडलेले आहेत. पहिला टप्पा घटनास्थळाचा. प्रत्येक देहाला, आणि प्रत्येक सुट्या अवयवालाही, तेथेच एक क्रमांक द्यावा, जागेची नोंद व छायाचित्र घ्यावे, मगच तो हलवावा. हा क्रमांक अखेरपर्यंत बदलू नये. पुढील बहुतेक गोंधळ क्रमांक बदलल्यामुळे, पुसल्यामुळे किंवा दोनदा दिल्यामुळे होतात. दुसरा टप्पा शवागारातील तपासणीचा : छायाचित्रे, ठसे, दातांचा नकाशा, क्ष-किरण चित्रे, शस्त्रक्रियेचे व्रण, डीएनएचा नमुना. ही माहिती गुलाबी प्रपत्रात भरतात. तिसरा टप्पा मरणपूर्व माहितीचा. बेपत्ता व्यक्तीच्या कुटुंबाशी शांतपणे बोलून आणि तिच्या डॉक्टरांकडून कागद मिळवून ही माहिती पिवळ्या प्रपत्रात लिहितात. चौथ्या टप्प्यात तज्ज्ञांचे मंडळ पिवळे व गुलाबी प्रपत्र समोरासमोर ठेवून मेळ घालते. मेळ बसल्याची मंडळाची खात्री झाली की मगच देह सुपूर्द होतो.

दुर्घटना कोणत्या प्रकारची, यावर तिसऱ्या टप्प्याची सोपी-अवघड स्थिती अवलंबून असते. विमानातील प्रवाशांची यादी उपलब्ध असते. कोणाला शोधावयाचे हे ठाऊक असते. रेल्वेचा अनारक्षित डबा, यात्रेतील गर्दी, बाजारपेठ येथे यादीच नसते. कोण बेपत्ता आहे हेच आधी ठरवावे लागते. कित्येकदा बेपत्ता म्हणून नोंदलेला माणूस दुसऱ्या रुग्णालयात बेशुद्धावस्थेत उपचार घेत असतो. म्हणून सर्व रुग्णालयांनी जखमींची यादी एकाच ठिकाणी तातडीने कळविणे हाही ओळखीच्या कामाचाच भाग आहे.

जुन्या-नव्या घटनांचा धडा

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत एकट्या थायलंडमध्ये सुमारे ५,४०० माणसे मृत्यू पावली. त्यांत निम्म्याच्या आसपास परदेशी पर्यटक होते. आरंभी देह पाहून ओळखण्याचाच मार्ग पत्करला गेला. काही दिवसांतच तो निरुपयोगी ठरला, कारण देह ओळखण्यापलीकडे गेले होते. त्यानंतर अनेक देशांच्या पथकांनी एकत्र येऊन एक केंद्र स्थापन केले व वरील पद्धतीने काम सुरू केले. पहिल्या काही महिन्यांत पटलेल्या ओळखींपैकी बहुसंख्य दातांवरून पटल्या. मात्र यात एक विषमता दिसून आली. ज्या युरोपीय पर्यटकांच्या दंतवैद्यांकडे सविस्तर नोंदी होत्या, त्यांचे देह तुलनेने लवकर घरी गेले. स्थानिक थाई मृतांच्या दंतनोंदी अनेकदा नव्हत्याच. त्यांच्या बाबतीत राष्ट्रीय ओळखपत्रासाठी घेतलेले ठसे आणि पुढे डीएनए उपयोगी पडले. हाडांवरील डीएनए चाचण्यांसाठी बोस्नियातील युद्धात बेपत्ता झालेल्यांवर काम केलेल्या सारायेव्हो येथील प्रयोगशाळेचे साहाय्य झाले. तेथे उपयोगी पडलेले कौशल्य एका आपत्तीतून कमावलेले होते व ते दुसऱ्या आपत्तीत कामी आले.

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमधील जागतिक व्यापार केंद्रावर झालेल्या हल्ल्यात २,७५३ जणांचा बळी गेला. अवशेषांचे सुमारे २१,९०० तुकडे गोळा झाले. दोन दशकांहून अधिक काळ लोटल्यावरही सुमारे १,१०० व्यक्तींची शास्त्रीय ओळख पटलेली नाही. परंतु नमुने जपून ठेवल्यामुळे, नवे तंत्र हाती येईल तसतशी अधूनमधून एखादी नवी ओळख पटते. तेथे कुटुंबांना आधीच विचारून ठेवतात की, पुढे आणखी अवशेष ओळखले गेले तर त्यांना दर वेळी कळवावे की नाही. शास्त्राच्या जोडीला असावयाच्या संवेदनेचे हे उत्तम उदाहरण होय.

आपल्या देशातील दोन अलीकडच्या घटना पाहू. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बालासोर येथे रेल्वे गाड्यांचा भीषण अपघात झाला. मृतांची संख्या २९० च्या वर गेली. एकाच देहावर एकाहून अधिक कुटुंबांनी हक्क सांगितल्याचे प्रकार घडले. बेवारस राहिलेले देह भुवनेश्वर येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत शीतपेट्यांत जपून ठेवण्यात आले व डीएनएचे निकाल येतील तसे ते सुपूर्द झाले. सुमारे चार महिन्यांनी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, ज्यांच्यावर कोणीच हक्क सांगितला नाही अशा २८ देहांवर अंत्यसंस्कार करण्यात आले.

दुसरी घटना अहमदाबादची. १२ जून २०२५ रोजी लंडनला निघालेले विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले. विमानातील २४१ आणि जमिनीवरील १९, असे २६० जण मृत्युमुखी पडले. या वेळी देह पाहून ताब्यात देण्याची घाई झाली नाही. गुजरातचे माजी मुख्यमंत्री विजय रूपाणी यांचा देहही डीएनए जुळल्यावरच, तीन दिवसांनी, ओळखला गेला. जूनअखेरपर्यंत २५४ जणांची ओळख डीएनएवरून व ६ जणांची चेहऱ्यावरून निश्चित झाली. मंगळूर आणि अहमदाबाद यांमधील १५ वर्षांत आपण किती पुढे आलो, हे यावरून दिसते. असे असूनही ब्रिटनला गेलेल्या काही पेट्यांतील अवशेषांविषयी तेथील कुटुंबांच्या वतीने पुढे तक्रारी झाल्या. विहित पद्धत पाळली गेल्याचे भारत सरकारने सांगितले. प्रयोगशाळेतील चाचणीइतकेच महत्त्व अवशेष गोळा करणे, वेगळे ठेवणे आणि पेटीत भरणे या हाताच्या कामांना आहे, हे या प्रकरणातून ध्यानात घ्यावयाचे.

दोन प्रचलित समज

‘आधारसाठी सर्वांचे ठसे घेतलेलेच आहेत, मग अडचण कोठे?’ असा प्रश्न नेहमी विचारला जातो. आधारची रचना ‘ही व्यक्ती तीच आहे का’ एवढे पडताळण्यासाठी आहे. ठशावरून अनोळखी व्यक्तीचा कोट्यवधी नोंदींतून शोध घेण्यासाठी नाही. आधार प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात अनोळखी मृतदेहांच्या बाबतीत हीच अडचण मांडली होती. शिवाय या माहितीची गोपनीयता कायद्याने संरक्षित आहे. यास्तव केवळ आधारवर विसंबून राहता येणार नाही.

दुसरा समज असा की, मृतदेहांमुळे साथ पसरते, म्हणून त्यांची ताबडतोब विल्हेवाट लावली पाहिजे. घाईने सामुदायिक दहन किंवा दफन करण्यामागे बहुधा हीच भीती असते. जागतिक आरोग्य संघटना, रेडक्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती आदी संस्थांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या क्षेत्रपुस्तिकेत या समजाचे स्पष्ट खंडन केले आहे. भूकंपात किंवा पुरात दगावलेली माणसे आघाताने किंवा बुडून मेलेली असतात, साथीच्या रोगाने नव्हे. देह हाताळणाऱ्यांनी हातमोजे घालावेत, हात धुवावेत आणि पिण्याच्या पाण्याचे साठे देहांपासून सुरक्षित ठेवावेत, एवढी काळजी पुरते. पटकी किंवा इबोला यांसारख्या रोगाने मृत्यू झाला असेल तर गोष्ट वेगळी. ओळख न पटलेल्या देहाचे दहन करू नये, क्रमांकाची खूण ठेवून स्वतंत्र दफन करावे, असाही या पुस्तिकेचा सल्ला आहे. आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानेही २०१० मध्ये आपत्तीतील मृतदेहांच्या व्यवस्थापनासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. प्रत्येक रुग्णालयाच्या आपत्ती आराखड्यात त्यांचा समावेश असला पाहिजे.

आपल्या रुग्णालयाला काय करता येईल?

या विवेचनातून आपल्यापुरता निष्कर्ष असा निघतो की, पिवळे प्रपत्र दुर्घटनेच्या दिवशी भरले जात असले, तरी त्यातील मजकूर रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात कित्येक वर्षे आधी लिहिला गेलेला असतो. यादृष्टीने काही सूचना विश्वस्त मंडळाच्या विचारार्थ मांडत आहोत.

पहिली सूचना दंत विभागाविषयी. रुग्ण ज्या दाताची तक्रार घेऊन येतो, तेवढ्याच दाताची नोंद करण्याची आपली सवय आहे. पहिल्या भेटीतच संपूर्ण तोंडाचा नकाशा भरला तर पाच मिनिटे अधिक लागतील. रुग्णास बसविलेल्या कवळीवर त्याचा नोंदणी क्रमांक कोरणे हेही अल्प खर्चाचे व सोपे काम आहे.

दुसरी अस्थिव्यंग व हृदयरोग विभागांविषयी. कृत्रिम सांधा, हाडातील पट्टी, हृदयाचा पेसमेकर यांच्या वेष्टनावर उत्पादन क्रमांकाची चिठ्ठी असते. ती शस्त्रक्रियेच्या कागदावर चिकटविलेली असावी आणि त्याची प्रत रुग्णालाही द्यावी. पेसमेकरचा क्रमांक एकाच रुग्णाचा असतो. पट्टीवरचा क्रमांक पुष्कळदा साऱ्या उत्पादन गटाचा असतो, तरीही शोधाचे क्षेत्र त्याने कमी होते.

तिसरी जतनाविषयी. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे आंतररुग्णांची कागदपत्रे किमान ३ वर्षे ठेवणे बंधनकारक आहे. ओळखीच्या दृष्टीने ही मुदत अपुरी आहे. कपाळाच्या हाडातील पोकळीचा आकार व्यक्तीगणिक निराळा असल्याने डोक्याचे दहा वर्षांपूर्वीचे क्ष-किरण चित्रही ओळख पटवू शकते. तपासणीसाठी काढलेल्या गाठीचे मेणात जतन केलेले ठोकळे विकृतिशास्त्र विभागात असतात. वेळप्रसंगी त्यांतूनही त्या व्यक्तीचा डीएनए मिळू शकतो. जागेअभावी कागद रद्दीत देण्यापूर्वी त्यांतील निदान दंतनकाशा, क्ष-किरण चित्रे व शस्त्रक्रियेची नोंद संगणकात उतरवून ठेवावी. ही माहिती रुग्णाची खाजगी ठेव आहे. ती सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी मागणीवरूनच द्यावी, हे वेगळे सांगावयास नको.

चौथी सूचना माणसांविषयी. दुर्घटनेनंतर आप्तांशी बोलणारा कर्मचारी प्रशिक्षित असावा. एका कुटुंबाशी शक्यतो एकाच व्यक्तीने बोलावे. ‘निकाल आज येईल’ असे खोटे आश्वासन देऊ नये; विलंब का होतो आहे, हे समजावून सांगावे. कारण समजले तर माणसे थांबतात, असा सर्वत्र अनुभव आहे. शवागारात दिवसरात्र काम करणाऱ्या सेवकांच्या मनःस्वास्थ्याकडेही लक्ष द्यावे. बहुधा त्यांची विचारपूस कोणी करीत नाही.

सभासदांनी व वाचकांनीही आपल्या घरी एवढे अवश्य करावे : कुटुंबातील प्रत्येकाच्या शस्त्रक्रियांचे कागद, दातांची क्ष-किरण चित्रे आणि हसताना दात दिसतील असे एक स्पष्ट छायाचित्र एकत्र ठेवावे. दूरच्या प्रवासाला निघताना कोणत्या गाडीने, कोणत्या डब्यातून जात आहोत हे घरी सांगावे. हे कागद त्या कामासाठी कधीच लागू नयेत, हीच प्रार्थना. एरवी ते आजारपणात तर उपयोगी पडतातच.

आपल्या न्यासाच्या संस्थापकांपुढे ध्येय होते ते दाराशी आलेल्या कोणाही माणसाला नाव, गाव वा ऐपत न पाहता सेवा देण्याचे. ज्याला स्वतःचे नाव सांगता येत नाही, त्याचे नाव त्याला परत मिळवून देणे हा त्याच सेवेचा शेवटचा भाग आहे. त्यासाठी फार मोठ्या यंत्रसामग्रीची आवश्यकता नाही. आज बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या प्रत्येक रुग्णाची नोंद पूर्ण, सुवाच्य आणि जपून ठेवली, तर आपल्या वाट्याचे बरेचसे काम झालेले असेल. या कार्यात सर्व विभागांनी सहकार्य करावे आणि हितचिंतकांनी नोंदींच्या जतनासाठीही आपला मदतीचा हात पुढे करावा, ही नम्र विनंती.